कार्पेट किती?

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी एक नोटीस लावली होती. तिला आता वर्ष होत आलं, तरी माणसं मला अजून लिफ्टमध्ये गाठून हसतात.

मजकूर साधा होता. गणपतीच्या महाप्रसादासाठी घराघरांतून पातेली, पराती, झारे गोळा केले होते. भाईंदर हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचं गाव. इथे दोन माणसांच्या संसारातही माळ्यावर पन्नास पानांचं पातेलं निघतं. विसर्जन झालं त्याच रात्री मालक मंडळींनी आपापली भांडी आरडाओरडा करत नेली. राहिली भाडेकरूंची. मी सेक्रेटरी, म्हणून लॅपटॉप उघडून लिहिलं : 'भाडेकरूंकडून घेतलेली भांडी रविवारी सकाळी १० ते १२ या वेळेत सोसायटीच्या ऑफिसात परत मिळतील.' तीनदा वाचलं, प्रिंट काढली, काचेच्या पेटीत लावली आणि कुलूप घातलं.

रविवारी साडेनऊलाच चौदा भाडेकरू रांगेत. पिशवी एकाच्याही हातात नाही. दोघांच्या हातात मात्र भाडेकराराच्या झेरॉक्स. मी पातेल्यांकडे बोट दाखवलं, तर ते पातेल्यांकडे बघेनात, माझ्याकडे बघायला लागले. शेवटी एकाने मला दंडाला धरून बोर्डापाशी नेलं आणि काचेवर बोट टेकवलं. 'भां'वरचा अनुस्वार नव्हता. मी सगळ्यांची भाडी परत देणार होतो, तीही लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी.

बारा वाजेपर्यंत बोरिवलीहून, उल्हासनगरहून आणि एक थेट सुरतेहून, असे तीन फ्लॅटमालकांचे फोन येऊन गेले. मी कोण लागून गेलो, हे तिघांनीही मला तीन भाषांत विचारलं. मला मात्र त्या चौदा जणांचं कौतुक वाटत होतं. दिलेलं भाडं परत मिळतं यावर या शहरात अजून चौदा माणसांचा विश्वास आहे.

यातली खरी लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. मी पोट भरतो ते प्रुफं वाचून. लोकांच्या ग्रंथांतले पळालेले अनुस्वार पकडून आणण्यात माझी तीस वर्षं गेली. आणि माझ्याच नोटिशीतला अनुस्वार माझ्या नाकासमोरून, माझ्याच स्क्रीनवरून पसार झाला होता.

मुलगी रविवारमुळे घरी होती. तिने माझा लॅपटॉप उघडला, दोन मिनिटं खुडखुड केलं आणि म्हणाली, "बाबा, तुमचं रिझोल्यूशन फारच कमी आहे."

मीरा-भाईंदरात 'रिझोल्यूशन' हा शब्द एकाच अर्थाने चालतो. जे एजीएममध्ये पास होतं, मिनिट्स बुकात सूचक-अनुमोदकासकट लिहिलं जातं आणि पुढच्या एजीएमपर्यंत ज्याचं काहीही होत नाही, ते रिझोल्यूशन. मी म्हटलं, "कमी कसं? या वर्षी अकरा पास केली. सगळी सर्वानुमते."

तिने कपाळाला हात लावला आणि मला स्क्रीनजवळ ओढलं. भाईंदरच्या आसपासची मिठागरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पिक्सेल समजायला वेळ लागू नये. चौकोनाला लागून चौकोन, काही भरलेले, काही कोरडे, लांबून बघितलं की एकसंध मैदान. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या १५.६ इंची मिठागरात आडवे १३६६ आणि उभे ७६८ चौकोन होते, म्हणजे इंचाला जेमतेम १००. एकेक चौकोन पाव मिलिमीटरचा. त्यात 'भां' बसवायचा म्हणजे शिरोरेघेला एक-दोन ओळी, काना, खाली भची गाठ, आणि अनुस्वाराच्या वाट्याला उरलेसुरले दोन-चार चौकोन, तेही काळे नव्हेत, राखाडी. इंग्रजीत एवढ्या जागेत आरामात भागतं. तिथे आयच्या डोक्यावरचा ठिपका गळाला तरी आय हा आयच राहतो. आपल्याकडे वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, मध्ये जोडाक्षरांची गर्दी. त्या स्क्रीनवर 'उद्ध्वस्त' हा शब्द अर्थासकट दिसायचा.

"मग तुम्ही चुकीचं टाइप केलंत की तुम्हाला दिसलं नाही?" बायकोने विचारलं.

दोन्ही. टाइप करताना राहिला आणि तपासताना आहे असं वाटलं. तीस वर्षांच्या सवयीने मी तो मनातल्या मनात छापून घेतला होता.

नवा लॅपटॉप घ्यायचा ठरला आणि घरात नव्हे, बिल्डिंगमध्ये चर्चा सुरू झाली. आमच्याकडे कुणी फ्रिज जरी घेतला तरी सात मजल्यांची मतं येतात. एकाने लॅमिंग्टन रोडला जायला सांगितलं. पण तिथे जायचं म्हणजे ग्रँट रोडला उतरायचं, आणि तिथे फास्ट गाडी थांबत नाही, या एका मुद्द्यावर अर्धा तास गेला. मुंबई सेंट्रलला उतरून चालावं की दादरला गाडी बदलावी, यावर दोन गट पडले. लॅपटॉपबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं : "जास्तीत जास्त रिझोल्यूशनचा घ्या. फोर के घ्या. आकडा मोठा तेवढं चांगलं."

आता आकडा मोठा तेवढं चांगलं, हे भाईंदरकराने म्हणावं याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. आमच्या पश्चिमेला रस्त्यांना मापांची नावं आहेत. साठ फुटी रोड, नव्वद फुटी रोड, दीडशे फुटी रोड. दीडशे फुटीवरून दुतर्फा लावलेल्या गाड्या वजा करा, पाणीपुरीवाले वजा करा, मध्येच तिरकी उभी राहिलेली रिक्षा वजा करा, आणि मग जे उरतं त्यातून चालून दाखवा. नावातलं माप आणि पायाखालचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथलं पोरगं बालवाडीत जाता-येता शिकतं.

आणि आमच्या घरात तर या विषयातली तज्ज्ञच राहते. १९९८ साली आम्ही हा फ्लॅट बघायला आलो तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात 'साडेपाचशे फूट' ऐकून मी हरखलो होतो. बायकोने पर्समधून शिलाईची टेप काढली आणि सॅम्पल फ्लॅटच्या भिंती मोजायला सुरुवात केली. तीनशे साठ भरले. उरलेले एकशे नव्वद फूट जिन्यात, लिफ्टच्या खड्ड्यात, गच्चीवरच्या टाकीखाली आणि भिंतींच्या पोटात होते. सुपर बिल्टअप म्हणजे ज्याचे पैसे द्यायचे ते आणि कार्पेट म्हणजे ज्यात नांदायचं ते, हे तिने मला त्या दिवशी समजावलं. पुढे २०१६ साली रेरा कायदा आला आणि कार्पेटवरच विक्री करा असं सरकारने सांगितलं, तेव्हा ती वर्तमानपत्र खाली ठेवून एवढंच म्हणाली, "अठरा वर्षं लागली यांना."

तेव्हा लॅपटॉप घ्यायला मी तिला घेऊन गेलो. मीरा रोडच्याच एका दुकानात. सोबत टेप होतीच.

दुकानदाराने सगळ्यात महाग खोका पुढे सरकवला. "काका, फोर के है. आँख बंद करके ले लो."

पडदा विकणारा माणूस गिऱ्हाइकाला डोळे मिटून घे म्हणतो, यावर मी काहीतरी बोलणार होतो, पण बायकोने सूत्रं हातात घेतली होती. "पंद्रह पॉइंट छे इंच मतलब कहाँ से कहाँ तक?"

दुकानदाराने बोटाने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढून दाखवली.

"तिरछा?" ती माझ्याकडे वळली. "अहो, साडी कुणी तिरकी मोजून घेतं का?" आणि तिने टेप लावली. रुंदी साडेचौतीस सेंटिमीटर, उंची १९.४. दुकानातली इतर गिऱ्हाइकं आता आपले मोबाइल बघायचे थांबून आमच्याकडे बघत होती.

"और कार्पेट कितना?"

"भाभी, कार्पेट साथ में नहीं आता," दुकानदार नम्रपणे म्हणाला. "बॅग आती है. माऊस दे दूंगा."

काउंटरमागे एक पोरगेलासा मुलगा होता, बहुधा कॉलेज करून संध्याकाळी काम करणारा. त्याला कुठेतरी काहीतरी उमगलं. तो पुढे आला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "काकू, तुम्ही स्केल विचारताय का?" आणि त्या मुलाने पुढची दहा मिनिटं जे दाखवलं ते मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नव्हतं.

फोर केच्या पडद्यावर आडवे ३८४० चौकोन आणि उभे २१६०. पण ते इतके बारीक की अक्षरं जशीच्या तशी ठेवली तर वाचताच येत नाहीत. म्हणून विंडोज स्वतःच त्यांना फुगवतं. त्या पडद्यावर २५० टक्के. म्हणजे कागदावर ३८४०, पण नांदायला जागा उरते १५३६ बाय ८६४ एवढ्याची. मग त्याने शेजारचा निम्म्याहून कमी किमतीचा लॅपटॉप उघडला. फुल एचडी, १९२० बाय १०८०, पडदा तेवढाच. त्याचं स्केल १२५ टक्के. नांदायला जागा? १५३६ बाय ८६४.

बायकोने टेप गुंडाळली. "म्हणजे दोघांचं कार्पेट एकच."

"एकच," मुलगा म्हणाला. "फोर केमध्ये भिंती जास्त गुळगुळीत."

इतका नेमका प्रॉपर्टीचा सल्ला मला कुणी दिला नव्हता. जास्त रिझोल्यूशन घेतलं म्हणून पानावर चार ओळी जास्त मावत नाहीत, अक्षरही मोठं होत नाही. अक्षराची कड सुबक होते, एवढंच. ती सुबकता हवीच. प्रश्न असा की आपल्या डोळ्याला ती कुठपर्यंत कळते. चांगल्या, निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. लॅपटॉप हातभर लांब, समजा ६० सेंटिमीटरवर असला, तर हे अंतर होतं साधारण ०.१७ मिलिमीटर. फुल एचडीच्या १५.६ इंची पडद्यावर एक चौकोन ०.१८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे तिथेच डोळा जवळजवळ हात टेकतो. फोर केचा चौकोन ०.०९ मिलिमीटरचा. नाक पडद्याला लावून फोटो तपासणाऱ्याला तो लखलाभ असो. हातभर अंतरावरून प्रुफं वाचणाऱ्याने त्याचे पूर्ण पैसे देणं म्हणजे घारीसाठी चष्मा करून घेणं. शिवाय तो बॅटरी जास्त खातो, आणि स्केल न जुमानणारी जुनी सॉफ्टवेअरं त्यावर एक तर मुंगीएवढी दिसतात, नाहीतर पाण्यात पडल्यासारखी.

घरी येताना रिक्षात मी उगाच गुणाकार केला. फोर केचे एकूण चौकोन ८२,९४,४००. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८. म्हणजे आख्खं शहर त्या पडद्यावर उभं केलं तर माणशी दहा चौकोन. ऐसपैस, पाय पसरून. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मात्र एकूण चौकोन १०,४९,०८८. माणशी सव्वाच्या जरासा वर. एका पायावर उभं राहायचं आणि पिशवी डोक्यावर धरायची. सकाळी मीरा रोडहून चर्चगेट लोकलमध्ये चढणाऱ्याला हे रिझोल्यूशन समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही अखेर घेतला तो १४ इंची, १९२० बाय १२००. बाराशे का, दहाशे ऐंशी का नाही, तर त्याचा पडदा उंचीला जास्त. सिनेमा आडवा असतो, पान उभं असतं. १४ इंचीची उंची १८.८ सेंटिमीटर भरली, त्या भल्या मोठ्या १५.६ इंचीपेक्षा फक्त सहा मिलिमीटर कमी. टेपने मोजली. पडदा मॅट घेतला, कारण चकचकीत पडद्यावर मला माझं प्रूफ कमी आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या वाळत घातलेल्या चादरी जास्त दिसल्या असत्या.

घरी आणून उघडला आणि पोटात गोळा आला. अक्षरं नव्हती, मुंग्या होत्या. दुकानातल्या मुलाने कार्पेट दाखवता दाखवता स्केल शंभरवर ठेवून दिलं होतं, हे नंतर कळलं.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. छापखान्यात अक्षराचं माप पॉइंटात. ७२ पॉइंटांचा एक इंच. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांच्या देखण्या देवनागरी टायपाचं नाव पुढे कितीतरी वर्षं निघत राहिलं. त्या शिशाच्या खिळ्याचं एक बरं होतं. १२ पॉइंटचा खिळा १२ पॉइंटचाच असायचा. गिरगावात ठेवा नाहीतर भाईंदरात, केसात ठेवा नाहीतर खिशात. संगणकाने आमच्याकडून 'पॉइंट' हा शब्द घेतला, माप मात्र मागेच सोडलं. विंडोज असं धरून चालतं की इंचाला ९६ चौकोन आहेत, म्हणून १२ पॉइंट म्हणजे १६ चौकोन. माझ्या नव्या पडद्यावर इंचाला आहेत १६२. तेव्हा शंभर टक्क्यांवर जे अक्षर स्वतःला बारा पॉइंट म्हणवतं ते भरतं सातच पॉइंट. तो फोर के घेतला असता तर चार. औषधाच्या पट्टीवरची एक्स्पायरी डेटही याहून दिलदार असते.

मुलगी ऑफिसात होती. तिचा फोन लागेना. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे आजोबा नवा लॅपटॉप बघायला आले. आजोबांना संगणक येतो. मागच्या शतकात, डबा मॉनिटरच्या काळात ते शिकलेत. "काही नाही हो, रिझोल्यूशन कमी करा. आमच्या वेळी आठशे बाय सहाशे असायचं. अक्षर कसं टपोरं दिसायचं." आणि त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन १२८० बाय ८०० वर बोट दाबलं.

पडदा काळा झाला, परत आला, आणि मध्यभागी एक खिडकी उघडली. हे सेटिंग ठेवायचं की आधीचं परत आणायचं, असं ती विचारते आणि शेजारी पंधरापासून उलटे आकडे पळायला लागतात. पंधरा सेकंद. एवढ्यात मी चष्मा शोधायचा, तो जवळचा की लांबचा ते ठरवायचं, लिहिलंय काय ते वाचायचं आणि निर्णय घ्यायचा. मीरा रोडला गाडी थांबते तेवढाच वेळ, आणि निकालही तोच. आम्ही दाराशी पोचेपर्यंत गाडी सुटलेली. तीनदा आजोबांनी केलं, तीनदा ते आपोआप पूर्ववत झालं. चौथ्या वेळी बायकोने हात घालून बटण दाबलं.

अक्षरं मोठी झाली. आजोबा विजयी मुद्रेने चहा पिऊन गेले. मी वाचायला बसलो आणि दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी. अक्षरं मोठी होती, पण दुधात बुडवून काढल्यासारखी. 'प्र' आणि 'म्र' यांच्यात समझोता झाला होता. अनुस्वार होते, पण एकेका अनुस्वाराभोवती धुकं.

रात्री मुलीने बघितलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी आजोबांचं नाव घेतलं नाही. तिने समजावलं ते असं. डबा मॉनिटरमध्ये काचेवर ठरलेले चौकोनच नसत, किरण पाहिजे तसा फिरवता यायचा, म्हणून आठशे असो की हजार, चित्र निभावून जायचं. लॅपटॉपच्या पडद्यावरचे चौकोन कारखान्यातच पक्के बांधलेले. आडवे १९२० म्हणजे १९२०, एक कमी नाही, एक जास्त नाही. त्यात तुम्ही १२८० बिऱ्हाडं घुसवलीत, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतो दीड फ्लॅट.

"दीड?" बायको म्हणाली. "म्हणजे मधला फ्लॅट दोघांत?"

दोघांत. याचा काळा, त्याचा पांढरा, म्हणून मधला राखाडी. अक्षराची प्रत्येक कड अशा वादग्रस्त फ्लॅटातून जाते. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मला पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. सामाईक भिंतीचं गळणं मी अकरा वर्षं ऐकतो आहे.

तिने रिझोल्यूशन परत १९२० बाय १२०० केलं आणि त्याच पानावर वरच्या स्केलवर बोट ठेवून १५० केलं. गंमत बघा, नांदायला जागा दोन्हीकडे तेवढीच : १२८० बाय ८००. अक्षराचा आकारही तोच. पण आता प्रत्येक अक्षर सगळे चौकोन वापरून नव्याने कोरलं जात होतं. धुकं गेलं. 'भां' मी पडद्यावर पहिल्यांदा असा बघितला : शिरोरेघ वेगळी, काना वेगळा, आणि वर अनुस्वार, गोल, काळाभोर, मुंजीतल्या बटूसारखा ऐटीत बसलेला. बारा पॉइंटचं अक्षर आता पावणेअकरा भरत होतं. वर्डमध्ये पान थोडं आणखी मोठं केलं की कसर निघून जायची.

पुढे आठवडाभर मी टाइप बदलून बघत होतो. विंडोजमध्ये मराठीसाठी बरीच वर्षं 'मंगल' होता, तो प्रा. र. कृ. जोशी यांनी केलेला. विंडोज ८ पासून 'निर्मला' आला. मुंबईच्या एक टाइप मंडळींचा 'मुक्त' मला लांब वाचनाला सुटसुटीत वाटला. हे सगळं मी एका जुन्या सहकाऱ्याला फोनवर उत्साहाने सांगत होतो : "मंगल ओळखीची आहे रे, पण रात्री निर्मला बरी वाटते. आता मुक्त झालो." फोन ठेवून वळलो तर बायको दारात उभी. त्या रात्री मी तिला कंट्रोल पॅनेल उघडून तिघांचे नमुने दाखवले. तिला निर्मला आवडली नाही.

तरीही एक दुखणं उरलंच. सकाळी अक्षर ठणठणीत, संध्याकाळी चारनंतर मान आखडलेली. आता लॅपटॉपला बोल लावायची सोय नव्हती. आपल्या भाषेला माणसाच्या शरीराची किती बारीक जाण आहे बघा : वाचायच्या चष्म्याला तिने नावच 'चाळिशी' ठेवलंय. कितव्या वर्षी जायचं ते नावातच छापलंय. माझी चाळिशी लागून चौदा वर्षं झाली, आणि ती होती प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर लांबचं, खाली जवळचं. जवळचं म्हणजे पुस्तकाचं, चाळीसेक सेंटिमीटरचं. लॅपटॉप असतो पंचावन्न-साठवर. म्हणजे तो नेमका मधल्या स्टेशनात, जिथे माझ्या चष्म्याची गाडी फार थोडा वेळ थांबते. ते थांबणं साधण्यासाठी मी दिवसभर हनुवटी वर करून, श्रीखंड चाखून बघणाऱ्या आचाऱ्यासारखा बसत होतो. डॉक्टरांनी लॅपटॉप किती लांब ठेवता ते मोजून आणायला सांगितलं. टेप बायकोकडे होती, ५८ भरले. त्या अंतराचा वेगळा चष्मा केला आणि मान खाली आली.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. दर वीस मिनिटांनी, वीस फूट लांब, वीस सेकंद बघायचं. पडद्याकडे टक लावली की आपण पापण्या मिटायला विसरतो, डोळे कोरडे पडतात. सल्ला उत्तम, पण तो मोकळ्या गावातल्या माणसासाठी असावा. आमच्या खिडकीतून वीस फूट म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधलं स्वयंपाकघर, फोडणीच्या कढईसकट. मी दोन दिवस दर वीस मिनिटांनी नेमाने वीस सेकंद बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पडदा लावला, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या सेक्रेटरीचा फोन आला. आता मी गॅलरीतल्या कोपऱ्यातून मेट्रोचा खांब बघतो. खांबाची हरकत नाही.

मोबाइलचं अक्षरही मी याच झपाट्यात मोठं करून टाकलं होतं. त्याचा तोटा लोकलमध्ये कळला. दहिसरला मला बायकोचा मेसेज आला : 'येताना अर्धा किलो गवार, कोवळी बघून.' अंधेरीला उतरताना मागच्या अनोळखी गृहस्थांनी खांद्यावर हात ठेवून आठवण केली, "गवार विसरू नका हो." फोनचं अक्षर मी पुन्हा लहान केलंय. तिथे गर्दीत मान खाली जाते ती जाऊ दे.

तर ज्यांना लॅपटॉप घ्यायचाय त्यांनी असं करावं. दुकानात जाताना एक मराठी मजकूर सोबत न्यावा, त्यात 'उद्ध्वस्त' असावं, 'ज्योत्स्ना' असावी आणि 'भांडी' असावीत. पेनड्राइव्ह लावू देत नाहीत, व्हायरसला भितात. तेव्हा स्वतःलाच मेल करून ठेवावा. रोज बसता तेवढ्या लांब बसून, रोजचाच चष्मा घालून तो वाचावा. स्केल बदलायला लावावं. रिझोल्यूशन आहे तिथेच राहू द्यावं. १४-१५ इंचांच्या पडद्याला फुल एचडीच्या खाली उतरू नये, आणि त्याच्या फार वर चढायचं असेल तर का चढतोय ते बायकोला सांगता आलं पाहिजे. टेप न्यावी.

नव्या लॅपटॉपवर मी ती नोटीस परत काढली आणि बोर्डावर लावली. त्याखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलंय : 'भाडी कधी?' या लेखात कुठे अनुस्वार गळलेला दिसला, तर आधी चष्मा पुसा, मग स्केल बघा. तरीही दिसला नाही, तर रविवारी १० ते १२ या वेळेत सोसायटीच्या ऑफिसात येऊन सांगा. दोन पातेली आणि एक झारा अजून तिथेच पडून आहे. ज्याचं असेल त्याने त्याच वेळी घेऊन जावं.